केशवराव कीं नारायणराव?

पक्ष धरल्यावांचून मनुष्याला चैन पडत नाहीं. वेदान्तांत द्वैती आणि अद्वैती, राजकारणांत जहाल आणि मवाळ, काव्यांत पंतांचे आणि संतांचे, असे दोन तट पाडून त्यांपैकीं एकावर आपण उभें राहिल्याखेरीज त्याला त्या विषयाची खरी गोडी लागत नाहीं. ‘रामाय स्वस्ति, रावणाय स्वस्ति’ म्हणणारा मनुष्य समंजस असेल. पण त्याच्या बोलण्यांत रंग भरत नाहीं. आमच्या मागील पिढ्यांत असे जे वाद घरोघर चालत, त्यांतला एक मोठा दीर्घायुषी ठरला. केशवराव भोसले थोर, कीं नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व थोर? हा वाद सुरू झाला तेव्हां त्या दोघांनीं तिशीही ओलांडली नव्हती. आणि दोघेही इहलोक सोडून गेल्यावर कित्येक वर्षें तो ओसऱ्यांवर, पारांवर आणि लग्नाच्या पंगतींत चालूच होता. ज्यांनीं ह्या दोघांपैकीं एकालाही रंगभूमीवर पाहिलें नव्हतें, असे लोकही त्यांत हिरीरीनें भाग घेत.

हा वाद नुसती करमणूक म्हणून सोडून देणें मला बरोबर वाटत नाहीं. त्यांत गाण्याविषयींचें निस्सीम प्रेम होतें, तसें आणखीही कांहीं होतें. आणि त्या ‘आणखी कांहीं’चा विचार आपल्यासारख्या घरांनीं एकदां स्वस्थ चित्तानें करणें इष्ट आहे.

प्रथम त्या दोघांविषयीं. नारायण श्रीपाद राजहंस ह्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. बालवयांतील त्यांचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटलें आणि तेंच नांव महाराष्ट्राच्या तोंडीं बसलें, अशी परंपरा आहे. १९०५ सालीं ते किर्लोस्कर नाटक मंडळींत दाखल झाले. पुढें १९१३ सालीं गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे ह्यांच्यासह त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांना गाण्याची तालीम भास्करबुवा बखले ह्यांची. ते स्त्रीभूमिका करीत. आणि त्या अशा करीत, कीं त्यांची नेसण्याची ढब, केसांची ठेवण, पदर सांवरण्याची रीत कुलीन घरांतील स्त्रिया उचलीत. पुरुषानें स्त्रीला वेष कसा करावा हें शिकविलें, असें उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल. गाणें मधुर, लयीशीं लडिवाळपणें खेळणारें, आणि शब्दांतील भाव पुढें ठेवून मग स्वर लावणारें.

केशवराव विठ्ठल भोसले कोल्हापूरचे. जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. घरची गरिबी, त्यामुळें अगदीं बालपणींच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत गेले. देवलांच्या ‘शारदा’ नाटकांतील शारदेच्या भूमिकेनें त्या मुलाचें नांव सर्वतोमुखीं झालें. १ जानेवारी १९०८ रोजीं हुबळीस त्यांनीं स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापन केली, तेव्हां त्यांचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें. त्यांचे गुरु रामकृष्णबुवा वझे. आवाज उंच, धारदार, आणि तानेंत एखाद्या पट्टेकऱ्याच्या हाताची चपळाई. स्त्रीभूमिकांत नांव मिळविल्यावर ते पुरुषभूमिकांकडे वळले. नव्या विषयांवरील नाटकें रंगभूमीवर आणण्याची त्यांची छाती मोठी होती. मामा वरेरकरांचें हुंड्याच्या चालीवरचें ‘हाच मुलाचा बाप’ आणि त्यानंतरचें ‘संन्याशाचा संसार’ हीं नाटकें ललितकलादर्शनेंच केलीं.

असे हे दोघे जवळजवळ समवयस्क गायक नट, दोघेही आपआपल्या मंडळीचे धनी, आणि दोघांच्याही मंडळ्या त्याच शहरांतून फिरणाऱ्या. तेव्हां तुलना होणें अपरिहार्यच होतें. गंधर्व मंडळीचा शालू-पैठणीचा थाट आणि अत्तराचा घमघमाट एका बाजूस. ललितकलादर्शचे नवे पडदे आणि नवीं नाटकें दुसऱ्या बाजूस. एका गांवांत एकाच वेळीं दोघांचा मुक्काम पडला, कीं कोणाच्या दाराशीं गर्दी अधिक, कोणाला ‘वन्स मोअर’ किती, ह्याचा हिशेब ठेवणारे हौशी लोक पैसे न घेतां कारकुनी करीत.

आमच्या घरीं हा वाद कसा आला तें सांगतों. माझे आजोबा तरुणपणीं शिक्षणासाठीं पुण्यास होते. १९१६ सालीं खाडिलकरांचें ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आलें आणि त्यांतील बालगंधर्वांची रुक्मिणी पाहून आजोबा जे भारावले, ते जन्मभर तसेच राहिले. खाणावळीचे पैसे तिकिटांत घालून ते दोन दोन दिवस चुरमुऱ्यांवर काढीत, असें आजी सांगे. आणि हें सांगतांना तिच्या स्वरांत राग अधिक कीं अभिमान अधिक, तें कळत नसे. पुढें आजोबा आमच्या लोणी भापकरास येऊन राहिले. तेथें त्यांना जन्माचा प्रतिपक्षी भेटला. शेजारच्या वाडीवरचे हे मराठा गृहस्थ. आजोबा त्यांना ‘पाटील’ म्हणत आणि ते आजोबांना ‘पंत’. पाटील तरुणपणीं कुस्तीसाठीं कोल्हापुरास तालमींत राहिलेले. तेथें शाहू छत्रपतींनीं बांधविलेलें खासबागेचें कुस्तीचें मैदान आणि १९१५ सालचें पॅलेस थिएटर हीं एकमेकांस लागूनच आहेत. दिवसा मैदानांत कुस्ती पाहावी आणि रात्रीं शेजारीं केशवरावांचें नाटक ऐकावें, असें ज्याचें तारुण्य गेलें, तो दुसऱ्या कोणाला गायक कशाला म्हणेल?

गांवांत मल्लिकार्जुनाचें पुरातन देऊळ आहे आणि त्याच्यापाशीं सुंदर पुष्करिणी आहे. तिच्या पायऱ्यांवर संध्याकाळीं हे दोघे बसत. मीं त्यांचा वाद ऐकला तो दोघांच्याही उतारवयांत. परंतु आवेश तरुणांना लाजविणारा. आजोबा म्हणत, “पाटील, गाणें म्हणजे कुस्ती नव्हे. तान मारली म्हणजे भाव येत नसतो.” पाटील शांतपणें सुपारी कातरीत म्हणत, “पंत, बरोबर आहे तुमचें. पण ज्याला तान झेपत नाहीं, त्यानेंच हें म्हणावें.” मग आजोबा ‘स्वयंवरा’तील एखादें पद गुणगुणून दाखवीत. पाटलांचा आवाज जाड होता; ते गात नसत. ते नुसता हात वर करून तान कोठून कोठें गेली तें हवेंत रेखाटून दाखवीत. आम्ही मुलें त्या हाताकडे पाहून हंसत असूं. परंतु आज वाटतें, कीं त्या गाण्याचा तेवढाच नकाशा मला पाहावयास मिळाला.

एक गोष्ट मात्र लहानपणींही माझ्या कानीं खटके. बालगंधर्वांविषयीं बोलतांना आजोबा ‘आपला नारायणराव’ म्हणत. आणि केशवरावांविषयीं बोलतांना पाटील ‘आमचे केशवराव’ म्हणत. हा ‘आपला’ आणि हा ‘आमचे’ कोठून आला? आजोबांचा आणि राजहंसांचा नात्यागोत्याचा संबंध नव्हता. पाटलांचा आणि भोसल्यांचाही नव्हता. उत्तर सोपें आहे, आणि सोपें असल्यामुळेंच तें सहसा कोणी उच्चारीत नाहीं. एक गायक ब्राह्मण होता आणि दुसरा मराठा होता. ज्या वर्षांत ह्या दोघांची कीर्ति शिगेस पोहोंचली, त्याच वर्षांत महाराष्ट्रांत ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद ऐन भरांत होता. कोल्हापुरांत वेदोक्त प्रकरणानें पेटलेली ठिणगी अजून विझली नव्हती. आणि १९१९ च्या सुधारणांनीं कायदे कौन्सिलांत जागा वाढल्या, त्याबरोबर चढाओढही वाढली. सभांतून आणि वर्तमानपत्रांतून जो तंटा चाले, त्याचे पडसाद नाटकगृहाच्या पिटांत उमटले नसते तरच नवल. पुष्कळ घरांतून गायकाची निवड कानानें होण्यापूर्वीं आडनांवानें होऊन गेलेली असे. कानाचें काम पुढें फक्त पुरावा गोळा करण्याचें उरे.

गंमत अशी, कीं ज्यांच्या नांवानें हे तट पडले त्यांचें स्वतःचें जीवन ह्या तटांत मुळींच बसत नाहीं. बालगंधर्वांना लहानपणीं कानाचें दुखणें होतें. त्यावर मिरजेस उपचार व्हावेत म्हणून त्यांना तेथें धाडण्याची व्यवस्था शाहू छत्रपतींनीं केली. आणि मिरजेसच किर्लोस्कर मंडळीशीं त्यांची गांठ पडली. म्हणजे ज्या राजाला ब्राह्मणांचा वैरी समजून आपल्यापैकीं कित्येक घरें नांवें ठेवीत, त्यानेंच आपल्या लाडक्या गायकाचा कान बरा व्हावा म्हणून काळजी घेतली. उलट पक्षीं, केशवरावांचा गळा ज्यांनीं घडविला ते वझेबुवा ब्राह्मण, आणि त्यांच्या मंडळीला नवीं नाटकें देणारे वरेरकर सारस्वत. शिवाय ही विद्या मुळांत आली तरी कोठून? भास्करबुवा शिकले ते फैजमहंमदखां, नत्थनखां आणि अल्लादियाखां ह्यांच्यापाशीं. वझेबुवा ग्वाल्हेरीस निसार हुसेनखां ह्यांच्यापाशीं. पुढें गंधर्व मंडळींत सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा बसूं लागले, तेव्हां ‘आपल्या’ नारायणरावांच्या स्वराला आधार कोणाचा होता हें डोळे असणाऱ्या सर्वांना दिसत होतें. परंतु पक्षाभिमानी मनुष्य नाटकाला जातांना डोळे बरोबर नेतो; विचार मात्र घरीं ठेवून जातो.

आतां त्या रात्रीकडे येतों. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड निघाला आणि एक कोटि रुपयांचा संकल्प जाहीर झाला. त्या फंडाच्या साहाय्यार्थ गंधर्व आणि ललितकलादर्श ह्या दोन मंडळ्यांनीं मिळून एक प्रयोग करावा, असें ठरलें. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईच्या बालीवाला थिएटरांत ‘संयुक्त मानापमान’ झालें. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. तिकिटांचे दर नेहमींच्या कित्येक पट. तरीही जागा मिळणें हीच एक मोठी मिरवण्याची गोष्ट झाली.

नाटकाची निवड किती समर्पक होती, तें पाहण्यासारखें आहे. खाडिलकरांचें ‘मानापमान’ प्रथम रंगभूमीवर आलें तें १२ मार्च १९११ रोजीं. त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती. तरी प्रयोग बंद न ठेवतां ते भामिनी होऊन उभे राहिले. म्हणजे ह्या भूमिकेशीं त्यांचें नातें साधें नव्हतें. आणि नाटकाचा विषय तरी कोणता? श्रीमंताची मुलगी भामिनी, गरीब म्हणून धैर्यधराचा अपमान करते. धैर्यधर मानी, तोही श्रीमंतीचा तिरस्कार करतो. पुढें ती वनमाला ह्या नांवानें साध्या वेषांत त्याच्या सहवासांत येते, आणि घराण्याचा व पैशाचा पडदा दूर झाल्यावर दोघांनाही एकमेकांचें मोल कळतें. कुळाचा मान आणि त्यांतून होणारा दुसऱ्याचा अपमान, हें ज्याचें बीज, तेंच नाटक ह्या दोघांनीं एकत्र करावें. आणि पिटांत दोन्ही बाजूंचे अभिमानी आपआपला मान सांभाळीत बसलेले असावेत!

ती रात्र आजोबांनीं पाहिली नव्हती आणि पाटलांनींही नव्हती. दोघांनाही तो खर्च झेपणारा नव्हता. परंतु दोघेही तिचें वर्णन असें करीत, जणूं पहिल्या रांगेंतून उठून आतांच आले आहेत. त्या रात्रीं आम्ही बालीवालांत होतों असें पुढें ज्यांनीं ज्यांनीं सांगितलें, त्या सर्वांना खरोखर बसवावयाचें, तर थिएटरच्या भिंती गिरगांवापर्यंत सरकवाव्या लागल्या असत्या. आजोबांना ज्यांनीं हकीकत सांगितली होती, त्यांच्या मतें भामिनीनें बाजी मारली. पाटलांना ज्यांनीं सांगितली, त्यांच्या मतें धैर्यधरानें. एका गोष्टीवर मात्र दोन्ही हकीकतींची मिळणी होत असे. ती ही, कीं दोघांपैकीं कोणीही हातचें राखून गाइला नाहीं, आणि कोणीही दुसऱ्याचा रंग बिघडवूं पाहिला नाहीं. एकानें पद उंचावर नेऊन ठेवावें आणि दुसऱ्यानें तेथूनच पुढें चालावें, असा तो सामना झाला. चढाओढ होती, वैर नव्हतें. मला वाटतें, ज्यांनीं जन्मभर पक्ष धरले त्यांना हा भेद त्या रात्रीं रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखविला गेला. किती जणांनीं तो घरीं नेला, तें सांगणें कठीण.

ह्या प्रयोगानंतर पुरते तीन महिनेही गेले नाहींत, तोंच ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं विषमज्वरानें केशवरावांचा अंत झाला. वय एकतीस वर्षांचें. सामना निकालावांचून संपला. ललितकलादर्शचें सुकाणूं बापूराव पेंढारकरांनीं हातीं घेतलें आणि मंडळीचें नांव राखलें. पण केशवराव ते केशवराव. इकडे बालगंधर्वांना दीर्घायुष्य लाभलें, आणि दीर्घायुष्य कलावंताला नेहमींच कृपाळू असतें असें नाहीं. मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला. बोलपट आले आणि नाटकगृहें ओस पडूं लागलीं. १९३५ सालीं प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ बोलपटांत त्यांनीं एकनाथांची भूमिका केली; पण रंगभूमीवरची जादू पडद्यावर उतरली नाहीं. शरीर थकलें, पायांनीं असहकार केला. तरी ते भजनें गात राहिले. १९६४ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें आणि १५ जुलै १९६७ रोजीं ते गेले.

ह्या विषमतेमुळें वादाचें स्वरूप पालटलें. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजत. त्यांच्या पक्षाला पुराव्याची वाण नव्हती, पण त्याबरोबरच उतारवयाचा थकलेला स्वरही लोकांनीं ऐकला होता. केशवराव मात्र कायमचे एकतीस वर्षांचे राहिले. त्यांच्या गाण्याची साक्ष बहुतांशीं ऐकणाऱ्यांच्या तोंडीं उरली. आणि ऐकणारा जसजसा म्हातारा होत गेला, तसतशी ती तान अधिकच उंच जात राहिली. आजोबा म्हणत, “पाटील, मेलेल्याशीं सामना करतां येत नाहीं.” पाटील म्हणत, “म्हणून तर तो हरत नाहीं.”

येथें मला आमच्या घरांत सांगितली जाणारी एक गोष्ट लिहिणें भाग आहे. ती आजीनें मला सांगितली. ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्माजींचा वध झाला आणि त्यानंतरच्या दिवसांत महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं ब्राह्मणांचीं घरें जाळण्यांत आलीं. आमच्या बाजूसही रोज नवी वदंता येई. त्या दिवसांत एका संध्याकाळीं पाटील घोंगडी आणि काठी घेऊन आमच्या ओसरीवर आले आणि कांहींएक न बोलतां दाराशीं आडवे झाले. असे ते सात रात्रीं आले. सुदैवानें गांवांत कांहीं घडलें नाहीं. आजी सांगे, कीं घरांतील कोणालाच झोंप येत नसे. मुलें कुडाशीं चिकटून बसलेलीं. अशा वेळीं मध्यरात्रीं ओसरीवरून पाटलांचा दबलेला आवाज आला, “पंत, जागे आहांत ना? मग खरें सांगा, ‘मानापमाना’त त्या रात्रीं कोण वरचढ झाला?” आणि दाराच्या आंतून आजोबांनीं तितक्याच हलक्या आवाजांत उत्तर दिलें. त्या सातही रात्रीं हा वाद चालला. आजी म्हणे, “मला त्या दोघांच्या गाण्यांतलें कांहीं कळत नव्हतें, पण तें भांडण ऐकूं येत असे तोंवर मला भीति वाटत नसे.”

‘आपला’ आणि ‘आमचे’ ह्या दोन शब्दांनीं महाराष्ट्राचें किती नुकसान केलें, ह्याचा हिशेब कोणीं करावा? पण त्याच दोन शब्दांचा उच्चार करणारीं हीं दोन माणसें त्या रात्रीं एका दाराच्या दोन बाजूंस बसून एकमेकांचें राखण करीत होतीं. ह्याचें कारण माझ्या मतें इतकेंच, कीं वर्षानुवर्षें भांडतां भांडतां प्रत्येकानें दुसऱ्याचें म्हणणें कान देऊन ऐकलें होतें. तोडून टाकण्यासाठीं जरी ऐकलें, तरी ऐकावें लागतेंच. आणि ज्याचें म्हणणें वीस वर्षें ऐकलें, त्याला परका म्हणणें जमत नाहीं.

बालगंधर्व गेल्याची वार्ता आकाशवाणीवरून आली त्या दिवशीं मी सात-आठ वर्षांचा असेन. पाटील वाडीवरून पायीं आमच्या घरीं आले. आजोबांच्या शेजारीं बसले. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं ते म्हणाले, “पंत, तुमचाही गेला.” आजोबा म्हणाले, “तुमचा नि आमचा म्हणूं नका आतां.” त्यानंतर पुष्करिणीच्या पायऱ्यांवर ते बसत, पण केशवराव-बालगंधर्वांची गोष्ट निघाली, तर आतां दोघेही एकमेकांच्या गायकाचें चांगलें सांगूं लागत आणि त्यावरूनच पुन्हां वाद होई.

कोणाला वाटेल, असे पक्षाभिमान हें आपल्याकडचेंच वेड आहे. तसें नाहीं. विलायतेंत नोकरीस असलेला माझा पुतण्या एकदां सुट्टींत आला असतां त्यानें मला तिकडील एक हकीकत सांगितली. तेथें ‘ब्लर’ आणि ‘ओएसिस’ नांवाचे गिटार वाजवून गाणाऱ्यांचे दोन ताफे. पहिल्याचे गायक दक्षिणेकडील मध्यम वर्गांतले. दुसऱ्याचे उत्तरेकडील मँचेस्टरच्या कामकरी वस्तींतले. १४ ऑगस्ट १९९५ रोजीं दोघांनीं आपआपल्या गाण्याची तबकडी एकाच दिवशीं विक्रीस काढली, आणि त्या आठवड्यांत कोणाची अधिक खपते ह्याकडे सारें इंग्लंड डोळे लावून बसलें. वर्तमानपत्रांनीं त्याला लढाईचें रूप दिलें. ‘ब्लर’ची सुमारें २,७४,००० खपली आणि ‘ओएसिस’ची सुमारें २,१६,०००, म्हणून पहिला ताफा जिंकला असें जाहीर झालें. परंतु त्यानंतरचा ‘ओएसिस’चा संग्रह असा तुफान खपला, कीं आपणच जिंकलों असें दुसऱ्या पक्षालाही म्हणतां आलें, आणि ते भांडण पन्नाशीला पोहोंचलेल्या रसिकांत आजही चालतें. तेथेंही गाण्याच्या आड वर्ग आणि प्रांत उभे होते. येथें जात उभी होती, इतकाच काय तो फरक. पुढें २३ मार्च २०१३ रोजीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलांत, कर्करोगानें पीडित तरुणांच्या साहाय्यार्थ झालेल्या जलशांत, ह्या दोन ताफ्यांतील नोएल गॅलघर आणि डेमन अल्बर्न हे दोघे जुने प्रतिस्पर्धी एका मंचावर उभे राहून एकच गाणें गाइले. हें ऐकतांच मीं पुतण्याला म्हटलें, “बाबा, तुमचें ‘संयुक्त मानापमान’ फारच उशिरा झालें, आमचें ब्याण्णव वर्षें आधींच होऊन गेलें आहे.”

अंकांनीं मोजलेला विजय किती टिकतो, हें दोन्ही ठिकाणीं दिसून आलें. तबकडी किती खपली, टाळी कोणाला अधिक पडली, हे आंकडे त्या आठवड्याचे. टिकतें तें दुसरेंच. पुण्यास बालगंधर्वांच्या नांवाचें रंगमंदिर २६ जून १९६८ रोजीं, त्यांच्या जन्मदिनीं, उघडलें. त्याची कोनशिला १९६२ सालीं त्यांच्याच हस्तें बसविलेली. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटराला पुढें केशवरावांचें नांव दिलें गेलें. तें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्रीं, आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें; त्याला लागून असलेल्या खासबाग मैदानाच्या व्यासपीठालाही झळ पोहोंचली. ती बातमी वाचतांना मला पाटलांचा हवेंत तान रेखाटणारा हात आठवला. आणि नवल असें, कीं हळहळणाऱ्यांत त्या वेळीं कोणी कोणाची जात विचारीत नव्हता. पुण्यामुंबईच्या नाटकवाल्यांनींही तितकेंच दुःख केलें. शंभर वर्षांपूर्वींच्या भांडणांतील हीणकस तेवढें काळानें जाळून टाकलें आणि सोनें तेवढें ठेविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें ‘संगीत मानापमान’ चित्रपटाच्या रूपानें पुन्हां आलें. त्यांतील गाणीं गुणगुणणाऱ्या मुलांना ह्या जुन्या तटांची वार्ताही नाहीं.

घरांतील मुलें आज कोणत्या तरी गायकासाठीं, खेळाडूसाठीं किंवा नटासाठीं एकमेकांशीं भांडतात, तेव्हां वडील मंडळी कपाळाला आंठ्या घालतात. मला तसें करावेंसें वाटत नाहीं. पक्ष धरूं द्यावा; पक्ष धरल्यावांचून रसिकता वयांत येत नाहीं. फक्त दोन गोष्टी त्यांना सांगाव्यात. एक ही, कीं निवड कानानें झाली आहे कीं आडनांवानें, हें स्वतःला एकदां एकांतांत विचारावें. आणि दुसरी ही, कीं ज्याच्याशीं भांडावयाचें त्याचें म्हणणें पुरतें ऐकून घेऊन मग भांडावें. केशवराव थोर कीं नारायणराव थोर, ह्याचा निकाल ८ जुलै १९२१ रोजीं लागला नाहीं आणि पुढेंही लागणार नाहीं. निकाल न लागलेला वाद घरांत असावा. त्याच्या निमित्तानें माणसें एकमेकांच्या दाराशीं येत राहतात.